सम येण्याआधी

१

अभिमन बाविस्करचं व्हायोलिन त्याच्या घरी बसून ऐकलेला माणूस आणि ते मंचावर ऐकलेला माणूस, या दोघांची गाठ पडली असती तर त्यांचं नक्की भांडण झालं असतं. दोघांनाही वाटलं असतं, समोरचा खोटं बोलतोय.

जळगावात पिंप्राळ्याला दोन खोल्यांचं त्याचं बिऱ्हाड होतं. संध्याकाळी मुलींच्या शाळेतून गाण्याचे तास संपवून तो घरी यायचा, चहा घ्यायचा आणि सतरंजीवर बसून गज उचलायचा. मग त्याची बायको मंदा भाकरी थापता थापता थांबायची. शेजारच्या घरातला रेडिओ आपोआप बंद व्हायचा. हेच व्हायोलिन घेऊन तो चार माणसांसमोर एकटा बसला, की मात्र उजवा हात मनगटापासून कापायला लागायचा आणि खडीच्या रस्त्यावरून सायकल जावी तसा गज तारेवरून उडत जायचा. चाळीसगावच्या कार्यक्रमात तर तो हातातून सुटून पहिल्या रांगेतल्या एका वकिलाच्या मांडीवर पडला. वकिलांनी तो अदबीने परत दिला. सभागृहात कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

त्यानंतर अभिमनने एकट्याने वाजवणं सोडलं. बुद्धपौर्णिमेला, जयंतीला गायकांच्या मागे बसून तो साथ करायचा. तिथे हात कापत नसे. लोक दुसऱ्याकडे बघत असत.

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं. ती भीती समोरच्या माणसांची नव्हती. ती एका ठिकाणाहून यायची. सभागृह कोणतंही असो, मागच्या बाजूने, उजव्या कोपऱ्यातून. वारा दारातून यावा तशी ती तिथून निघून त्याच्यापर्यंत पोहोचायची. सगळ्यांच्याच भीतीला अशी एक दिशा असते, अशी त्याची समजूत होती.

२

अठ्ठ्याऐंशी साली मंदाला पहिल्यांदा दिवस गेले. तिचं माहेर धुळ्याचं, त्यामुळे बाळंतपण तिथेच व्हायचं होतं. गल्ली नंबर पाचमध्ये डॉक्टर बन्सीलाल चोरडियांचं प्रसूतिगृह होतं. खाली तपासणीची खोली, वर बाळंतिणींच्या खोल्या. डॉक्टर गाण्याचे वेडे होते. धुळ्यातल्या संगीत मंडळाचं सगळं तेच बघत. मंदाला तपासताना बोलता बोलता जावई व्हायोलिन वाजवतात असं कळलं, तेव्हा त्यांनी पुढच्या बाया बाहेर बसवून ठेवल्या आणि अभिमनला तिथेच वाजवायला लावलं. एकच श्रोता, तोही स्टेथोस्कोप गळ्यात घालून. अभिमनने छान वाजवलं.

"मास्तर, आमच्या मंडळात वाजवा," डॉक्टर म्हणाले.

अभिमनने हात पुढे करून कसा कापतो ते करून दाखवलं, आणि चाळीसगावची हकीकत आणि आपला दमा, दोन्ही सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत. "ब्लडप्रेशरची एक गोळी असते. वाजवणारे, गाणारे घेतात. पण तुम्हाला दमा आहे म्हणता. मग ती चालायची नाही." ते थोडा वेळ बोटांनी टेबल वाजवत राहिले. मग उठले आणि फ्रिजमधून एक लहानशी बाटली घेऊन आले. वर नाकात फवारा मारायचं टोक होतं.

"हे बाळंतिणीचं औषध. दूध उतरायला देतो आम्ही. औषध तरी कसलं, हार्मोन आहे. आईच्या अंगात आपोआप बनतं तेच, फक्त बाटलीत भरलेलं. आता माझं बघणं सांगतो, पुस्तकातलं नाही. पहिलटकरीण किती भेदरलेली असते! हे नाकात मारलं की दूध तर उतरतंच, पण भीतीही उतरते. अनोळखी नर्सकडे आईकडे बघावं तशी बघायला लागते."

"आणि मला दूध उतरलं तर?" अभिमनने विचारलं.

डॉक्टर इतके मोठ्याने हसले की मंदा पडद्यामागून डोकावून गेली.

३

मैफल रविवारी सकाळी होती, शाळेच्या सभागृहात. पंखे करकरत होते, बाहेर कोणीतरी पोरांना दटावत होतं. अभिमनने मंचामागे उभं राहून दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला. औषध घशात थोडं खारट लागलं. तबल्यावर भटूभाऊ होते, बरीच वर्षं त्याच्याबरोबर वाजवलेले. ते हातोडीने तबला मिळवत होते.

गुंगी आली नाही. फक्त बाहेरगावाहून येऊन आपल्या उंबऱ्यावर चप्पल काढावी तसं वाटलं. त्याने तोडी सुरू केला. भीती आलीच, नेहमीसारखी, मागून, उजवीकडून. पण या वेळी ती जवळ आली आणि ओळखीचं कुत्रं पायाशी बसावं तशी बसली. हात कापला नाही. इतक्या वर्षांत ज्या कोपऱ्याकडे बघायची त्याची छाती झाली नव्हती, तिकडे त्याने मान वर करून बघितलं.

तिथे एक बाई बसली होती. फिकट पातळ, डोक्यावरून पदर. ती ऐकत होती.

जाणकार श्रोत्याची मान समेवर पडते, ती तिचीही पडत होती. पण जरा आधी. अगदी जरा. भटूभाऊंची थाप पडायची, अभिमनचा सूर समेवर यायचा, आणि त्याच्या एका श्वासाआधी तिची मान हललेली असायची. 'ताल कच्चा आहे बिचारीचा,' असं त्याला वाटलं. मग त्याने तीनदा फिरून समेवर येणारी एक तिहाई उचलली, त्याच क्षणी सुचलेली, आणि मध्येच मन बदलून अर्ध्यावर सोडली. त्याने सोडण्याआधी तिची मान थांबली होती.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती चुकत नाहीये.

दुसरा कोणी घाबरला असता. अभिमनचे डोळे भरून आले. आपल्याला इतकं ओळखणारं कोणीतरी या जगात आहे, एवढंच त्याला वाटलं. त्या दिवशी त्याने तिच्यासाठी वाजवलं. टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. मंदा पोटावर हात ठेवून पहिल्या रांगेत रडत होती, हसत होती.

४

चहा पिताना अभिमनने भटूभाऊंना विचारलं, "मागे उजवीकडे बसलेल्या त्या बाई कोण हो?"

"उजवीकडे? तिथं कुठं खुर्च्या होत्या? दार होतं ते. उघडंच होतं सारखं."

अभिमनने मनाशी हिशेब मांडला. दारातून ऊन येत होतं. उन्हात असं काही दिसतं. शिवाय आपण औषध घेतलेलं. भाबडेपणा वाढवणारंच औषध ते, असं डॉक्टर स्वतः सांगतात. मग कोणीतरी आपलं वाटणारच. सगळं नीट जुळत होतं. त्याने आणखी एक कप चहा घेतला.

मग बोलावणी यायला लागली. एरंडोलला एका शाळेच्या वार्षिक समारंभात, जामनेरला बाजारपेठेतल्या मांडवात. डॉक्टरांनी दिलेली बाटली तो व्हायोलिनच्या पेटीत मखमलीखाली ठेवायचा. मंचामागे फवारा मारायचा, आणि मान वर केली की ती असायची. ते त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे महिने होते. शाळेत मुख्याध्यापक त्याला 'बाविस्कर सर' म्हणायला लागले. सकाळी दाढी करताना तो गुणगुणायचा. वाण्याकडे रांगेत उभा असला तरी सगळी माणसं त्याला नात्यातली वाटायची.

जामनेरच्या मांडवात बरीच माणसं मागे उभी होती. ती त्यांच्या शेजारी बसली होती. तिचा पदर आणि उभ्या माणसांच्या टोप्या एका उंचीवर होत्या. 'उंच आहे बिचारी,' असं अभिमनच्या मनात मायेने आलं, आणि तो वाजवत राहिला.

परतीच्या एसटीत, खिडकीला डोकं टेकून बसला असताना, औषध उतरलं. 'ती बसलेली होती' असं त्याच्या मनात पुन्हा आलं. त्याने खिडकी लावून घेतली. शेजारचा माणूस म्हणाला, "उकडतंय की हो." तेव्हा त्याने ती पुन्हा उघडली.

पुढच्या कार्यक्रमाला त्याने फवारा मारला आणि त्याला त्यातलं काही आठवलं नाही. आठवलं ते फक्त एवढंच, की कोणीतरी वाट बघत असेल.

५

धुळ्याला मंदाला मुलगी झाली. शाळेतून रजा काढून अभिमन पोहोचला, तेव्हा बाळ रडून रडून निळं पडायला आलं होतं. दूध उतरत नव्हतं. मंदाची आई झुंबरबाई खाटेच्या पायाशी बसून होती.

"पोर भूकी शे हो," त्या म्हणाल्या. "कालपासून दूधच उतरी नही राहिनं. बठ्ठा उपाय करी झायात."

अभिमनने नर्सला विचारलं, "ते नाकातलं औषध देत नाही का डॉक्टर?"

"ते साहेबांनी बंद केलं. कोणालाच देत नाहीत आता."

का, ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टर सरकारी दवाखान्यात एका अडलेल्या बाईसाठी गेले होते. बाळाचा आवाज बसत चालला होता. अभिमनने विचार केला तो एवढाच, की आपलं इतकं भलं करणारी गोष्ट आपल्या पेटीत पडली आहे. त्याने मखमल उचलली, बाटली काढली आणि मंदाच्या नाकात फवारा मारला. स्वतःसाठी मारला नाही. त्या दिवशी वाजवायचं नव्हतं, आणि आधीचे बरेच दिवसही नव्हतं.

थोड्या वेळात दूध आलं. मंदाची चोळी भिजली. बाळ लुचायला लागलं, तो आवाज ऐकून झुंबरबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शिऱ्याची तयारी करायला घरी गेल्या. मंदाने अभिमनकडे बघितलं. इतकी सुखी ती त्याला कधीच दिसली नव्हती.

तो पाय मोकळे करायला खाली आला. डॉक्टर नुकतेच आले होते, हात धूत होते.

"मास्तर! अभिनंदन. दूध कसं, उतरलं?"

"उतरलं. तुमचंच औषध दिलं. माझ्याजवळचं."

डॉक्टर साबणाचे हात तसेच घेऊन उभे राहिले.

"कधी?"

"आत्ताच. का बंद केलं तुम्ही ते?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. आवाज नेहमीचा ठेवायचा ते प्रयत्न करत होते. "तसं काही नाही हो. योगायोग असेल. औषध घेतलेल्या बाया दाराकडे बघून हसायच्या. एक हसली, दुसरी हसली, मी म्हटलं, आनंदात आहेत. मग सातपुड्याकडची एक चमेलीबाई आली. मी राउंडला गेलो तर ती बाळ दोन्ही हातांनी पुढे धरून बसली होती. दारात कोणी नव्हतं. मी विचारलं, कोणाला देतेस गं? ती म्हणाली, या मागताहेत ना."

"मग?"

"मग काय, मी बाळ घेतलं तिच्याकडून. बाळ बरं आहे. सगळं बरं आहे." डॉक्टरांनी रुमालाला हात पुसले. "पण मास्तर, मी ते घेताना बाळ तिच्या हातात नव्हतं. हाताच्या वर होतं. मी दमलेला होतो, हेही खरं."

अभिमन जिन्याकडे धावला.

६

जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याला ती ओळखू आली. इतके महिने ओळखीच्या कुत्र्यासारखी पायाशी बसलेली ती भीती आज उभी होती. मागून नव्हे, वरून येत होती. उजवीकडून. मंदाच्या खोलीच्या उजव्या बाजूला गच्चीचं दार होतं.

दवाखाना एरवीसारखाच होता. कुठेतरी स्टोव्ह फरफरत होता, आया फरशी पुसत होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. 'काही नसणार,' असं तो स्वतःला सांगत होता. 'आपण उगाच बायकोला घाबरवणार.' त्याचे पाय मात्र दोन दोन पायऱ्या गाळत होते.

मंदा खाटेवर मांडी घालून बसली होती. तिचा चेहरा गच्चीच्या दाराकडे होता आणि हसरा होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, रिकामे.

बाळ तिच्यासमोर होतं. दुपट्ट्यात गुंडाळलेलं, शांत, तिच्या हातांपासून वीतभर वर. दुपट्टा खालून दबला होता, कोणीतरी हात घातल्यावर दबतो तसा. आणि दारात ऊन नव्हतं. दाराच्या वरच्या पट्टीपासून खालपर्यंत फिकट काहीतरी होतं. अभिमनला त्यातलं एवढंच नीट दिसलं, की आत यायला ते वाकत होतं. बराच वेळ वाकत होतं. वाकणं संपत नव्हतं.

त्याने बाळावर झडप घातली. क्षणभर ते फार जड लागलं, पलीकडून कोणी सोडत नसल्यासारखं. मग एकदम हलकं झालं. त्याचा उजवा हात चाळीसगावला कापला होता त्याहून जोरात कापत होता. बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. दारात ऊन होतं. गच्चीवर बाळंतिणींची लुगडी वाळत होती.

"अहो, असं काय करता?" मंदा दुखावल्यासारखी म्हणाली. "किती मायेनं घेतलं होतं त्यांनी."

"कोणी, मंदा?"

"नाव नाही विचारलं मी. त्यांनीच बाळाचं विचारलं."

"आपण अजून ठेवलंय कुठे नाव?"

"तेच म्हटलं मी. मग त्यांनीच एक सांगितलं. किती गोड होतं! मी म्हटलं, बरं, चालेल."

"कोणतं नाव?"

मंदाने डोळे मिटून आठवून बघितलं. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "आत्ता तर ओठांवर होतं," ती म्हणाली.

७

अभिमनने बाटली मोरीत रिकामी केली आणि काच उकिरड्यावर नेऊन टाकली. मंडळाचं पुढचं निमंत्रण नाकारलं, तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं नाही.

नामकरण जळगावला झालं. पिंप्राळ्याच्या विहारातली मंडळी आली, त्रिशरण-पंचशील झालं, झुंबरबाईंनी बाळाच्या कानात सांगितलं, खेमा. सगळ्यांना खीर वाढली. मंदाला दवाखान्यातल्या दुपारचं फारसं काही आठवत नव्हतं. झोप झाली नव्हती, एवढंच ती म्हणायची. दूध भरपूर होतं. मुलगी अंग धरत होती. घर फार आनंदात होतं, आणि अभिमनही होता. रात्री मुलीच्या अंगाला येणाऱ्या वासाने त्याचा जीव निवायचा.

एवढंच झालं होतं, की आता घरातसुद्धा त्याचा हात कापायचा. भीती मागच्या दारातून यायची. त्यावर त्याने एक साधी तोड काढली. पाळणा या बाजूला, दार त्या बाजूला, आणि मध्ये त्याची सतरंजी. दाराकडे पाठ करून तो वाजवायचा. गज उडायचा, सूर फाटायचे. भटूभाऊ एकदा ऐकून हळहळले, "पोरगी झाली आणि हात गेला की रे तुझा." अभिमन हसला. हात कापतोय तोवर ते कुठे उभं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ही त्याच्या दृष्टीने फार मोठी सोय होती. अशी सोय किती बापांना असते?

खेमा बसायला लागली. हाक मारली की ती मात्र वळून बघत नसे. भाकरी थापल्याच्या आवाजाकडे बघायची, चिमणीकडे बघायची, नावाला नाही. "होतं असं एखाद्या पोराला," मंदा म्हणायची.

एका रविवारी दुपारी अभिमन जौनपुरी वाजवायला बसला. पहिला सूर लावला आणि गज या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलावरून जावा तसा गेला. त्याने पुन्हा ओढला. हात स्थिर होता. औषध घेऊन तर वर्ष होत आलं होतं.

"अहो!" आतून मंदाचा आवाज आला. "किती दिवसांनी असं वाजलं!"

त्याने दाराकडे कान लावला. काही नाही. खिडकीकडे. काही नाही. सगळ्या घरात कुठूनही भीती येत नव्हती. गेली, असं त्याच्या मनात आलं. गज चालूच होता. सूर एकामागून एक सुचत होते, चांगले, स्वच्छ, जणू कोणी हळूच कानात सांगत होतं.

"खेमा," त्याने वाजवता वाजवता हाक मारली. "बघ, बाबा काय वाजवतोय."

ती पाळण्यात बसली होती आणि बोळकं भरून हसत होती, त्याच्याचकडे बघून. त्याने नीट पाहिलं तेव्हा दिसलं, तिची नजर त्याच्या डोक्याच्या थोडी वर होती. मग ती नजर हळूहळू खाली यायला लागली, त्याच्या कपाळापर्यंत, आणि तिने दोन्ही हात उचलले.

मागे वळून बघायला हवं होतं. पण निषाद असा लागला होता, की तो सोडून उठावंसं त्याला वाटेना.